पिवळी विहीर आणि हिरड्याचं वाण

आमच्या कारखान्यात नक्की काय बनतं, हा आळेफाट्यावरच्या ट्रकवाल्यांच्या चर्चेचा विषय होता. कारण एका गाडीतून नारळाच्या करवंट्या उतरायच्या, दुसरीतून भाताचं तूस, आणि तिसरीतून किडका, फुटका हिरडा. बाहेर जायच्या त्या फक्त काळ्या बारीक खड्यांच्या गोण्या. एकाने तर ठरवूनच टाकलं होतं की आम्ही उदबत्त्या करतो. त्याला खरं सांगितलं, की हे खडे पाण्यातलं शिसं, निकेल, क्रोमियम असले जड धातू पकडतात, तेव्हा तो म्हणाला, "ताई, सांगायचं नसंल तर नका सांगू. पन फसवू नका."

मी ओतूरची. रसायनशास्त्रात पदवी घेतली आणि नोकरी कुठे तर घरापासून एका एस.टी.च्या अंतरावर, पत्र्याच्या शेडमध्ये. आमच्या मालकांना सगळे काका म्हणायचे. काकांचं एकच वेड, ज्या वस्तू लोक फेकतात त्यांच्यापासून पाणी शुद्ध करणारा माल बनवायचा. मी त्यांची प्रयोगशाळा, तपासनीस, फिरती विक्रेती आणि गरज पडली तर हमालसुद्धा. तिथे माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. एवढी मजा येणारी नोकरी मैत्रिणींपैकी कुणाला मिळाली नाही.

धंदा काय ते आधी सांगते. पाण्यात माती असेल तर ती फडक्याने गाळता येते. जंतू असतील तर उकळून मारता येतात. पण जड धातू पाण्यात विरघळलेले असतात, ते फडक्यातून सरळ आरपार जातात. उकळलं तर वाफ उडून जाते आणि धातू मागे राहतात, म्हणजे पाणी उलट जास्तच वाईट होतं. त्यांना धरून ठेवणारं काहीतरी लागतं. गवतातून चालत गेलं की साडीच्या काठाला कुसळं चिकटतात ना, तसं पाणी आमच्या खड्यांमधून जाताना धातू खड्यांना चिकटतात. खडा ते पिऊन घेत नाही, फक्त अंगावर धरतो. म्हणून खड्याला अंग भरपूर हवं. चांगल्या कोळशाच्या चमचाभर भुग्यात इतकी बारीक भोकं असतात की त्यांच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर एखादं खळं भरून जाईल. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर स्वयंपाकघरातल्या कोळशाकडे आदराने बघत होते.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका हॉटेलवाल्याने आमचा फिल्टर आठवड्यात परत आणला, कारण पाणी चोख झाल्यावर चहाची चव गेली आणि ट्रकवाले शेजारच्या टपरीवर जायला लागले. बेल्ह्याच्या बाजारात एका बैलांच्या व्यापाऱ्याने मला अडवून विचारलं, "ताई, तुमचं ते काळं खडं बैलाला चारलं तर पोटातलं इख वढून घेतील का?" मी हसले. मग घरी येऊन विचार करत बसले, कारण प्रश्न चुकीचा नव्हता. विषबाधेत जनावराला कोळसा देतात, हे जनावरांच्या डॉक्टरांनीच मला नंतर सांगितलं. पुढच्या बाजारात मी त्या व्यापाऱ्याला शोधलं, पण तो भेटला नाही.

हिरडा आमच्याकडे आला तो किसनभाऊंमुळे. ते तळेघरचे. चांगला बाळहिरडा व्यापारी घेऊन जायचे, पण किडका, फुटका माल तसाच पडून राहायचा. तो ते गोण्यांत भरून आणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कोड्यात टाकलं. "म्याडम, हिरडा कोयत्यानं फोडला का हात काळं व्हत्यात. लोखंडाच्या बादलीत भिजवला तर पानी शाईवानी व्हतं. मंग ह्यो पानी शुद्ध कसा करनार?" मी म्हटलं, भाऊ, तुम्ही विचारता तेच उत्तर आहे. हिरड्याचा तुरटपणा लोखंडाला पकडतो म्हणून काळा रंग येतो. जो एका धातूला पकडतो तो दुसऱ्यालाही पकडेल. फक्त त्याचा तुरटपणा पाण्यात सुटू न देता खड्यातच बांधून ठेवायचा. ते बांधणं जमायला आम्हाला बरेच महिने लागले. हिरडा कुटायचा, आम्लात शिजवायचा, धुवायचा, मंद आचेवर करपवायचा. त्या दिवसांत शेडमध्ये आयुर्वेदिक दुकानासारखा वास यायचा आणि काकांना लोक वैद्य समजायला लागले.

हा माल तयार झाला आणि त्याच सुमारास हौसाबाई आल्या. फाट्याच्या अलीकडे त्यांची वस्ती, रस्त्याला लागून शेत. हातात दुधाची बाटली, त्यात पाणी. बाटली माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ताई, आमच्या हिरीचं पानी हाय. म्या हळद टाकलेली न्हाई."

पाणी खरंच पिवळं होतं. फिकट, पण पिवळं. मला एक शंका आली आणि मी विचारलं, विहिरीजवळ काही कारखाना आहे का? त्यांनी बाटली पदराने पुसली. मग म्हणाल्या, "कारखाना कसला, धाकल्या दिराचं दुकान हाय."

दिरांचं नाव रावसाहेब. रस्त्याकडेच्या तुकड्यात त्यांनी मुलामा देण्याचं दुकान टाकलं होतं. ट्रकचे बंपर, मोटारसायकलच्या पट्ट्या, सगळ्याला चकाचक क्रोम चढवायचं. यात्रेच्या दिवसांत बैलांच्या शिंगांना घालायच्या पितळी शेंब्या यायच्या, त्यांना ते चांदीसारखी झळाळी आणून द्यायचे आणि भावकीकडून पैसे घ्यायचे नाहीत. सगळ्यांचा लाडका माणूस. मुलामा चढवून झाला की वस्तू धुवायची, आणि ते धुवण मागच्या खड्ड्यात सोडायचं. खड्ड्यापासून थोड्याच अंतरावर विहीर. ती दोन्ही भावांची, आणि वस्तीतली आणखी काही घरं तिच्यावरच पाणी भरायची.

दुसऱ्या दिवशी मी तपासणीची पेटी घेऊन वस्तीवर गेले. तपासणी सोपी असते आणि बघायला फार सुंदर. पाण्यात आमच्या द्रावणाचे थेंब टाकायचे. घातक क्रोमियम असेल तर पाणी जांभळं होतं, नसेल तर जसंच्या तसं. विहिरीचं पाणी बघता बघता पिकल्या जांभळासारखं झालं. जमलेल्या बायका "अगं बया" म्हणाल्या. रावसाहेब दुकानातून हात पुसत आले होते. ते म्हणाले, "ताई, तुमच्या बाटलीतच रंग हाय, पान्यात न्हाई."

मला असा माणूस आवडतो. मी द्रावणाची बाटली त्यांच्याच हातात दिली. त्यांनी समोरच्या हॉटेलच्या हापशाचं पाणी आणलं, थेंब टाकले. काही नाही. शेजारच्या वस्तीवरून आणलं. काही नाही. मग स्वतःच्या दुकानातलं धुवण आणलं. ते इतकं गडद झालं की जांभळं म्हणावं की काळं, कळेना. त्यांनी ग्लास उजेडात धरून पाहिला आणि हळूच विचारलं, "म्हंजी आता दुकान बंद करायचं का?"

बायकांच्या मागे त्यांची बायको शालन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. थोरल्या जावेला म्हणाली, "अक्का, आमच्या पोटावर पाय देताना आदी घरात तरी बोलायचं व्हतं." आणि निघून गेली. त्या दिवसापासून दोन घरांचा अबोला झाला. मधे विहीर, आणि दोघी वेगवेगळ्या वेळेला पाण्याला जाणार.

दुकान बंद करायला मी सांगितलं नाही. तसा माझा अधिकारही नव्हता. धुवण खड्ड्यात न सोडता आधी हिरड्याच्या ड्रममधून सोडायचं, असं ठरलं. विहिरीवरही एक लहान ड्रम बसवला. क्रोमियमचे दोन स्वभाव असतात. एक पिवळं, पाण्यात भटकणारं, शरीराला घातक. दुसरं हिरवट आणि सुस्त, एका जागी बसून राहणारं. हिरडा पहिल्याला दुसऱ्यात बदलतो आणि धरून ठेवतो. रावसाहेबांच्या ड्रममधून पडलेल्या पाण्यात आमचं द्रावण टाकलं आणि काहीच रंग आला नाही, तेव्हा त्यांनी मला दुकानातल्या खुर्चीवर बसवून चहा पाजला. पुढचा पावसाळा सरल्यावर विहिरीचा पिवळेपणाही गेला. मी आसपासच्या तालुक्यांत मिरवत फिरले. आमच्या जाहिरातीच्या कागदावर 'जड धातू काढून टाकतो' असं मोठ्या अक्षरांत होतं, आणि ते मला तेव्हा अगदी खरं वाटत होतं.

धातू काढून टाकला म्हणजे तो गेला कुठे? कुठेच नाही. पाण्यातून उठून खड्यावर बसला. खडे भरले की ते बदलावे लागतात, आणि भरलेला माल आम्ही परत घ्यायचो, सिमेंटमध्ये कोंडून त्याचे ठोकळे करायचो. प्रत्येक गोणीवर लाल रंगाने 'परत' लिहिलेलं असायचं आणि मी तोंडीही सांगायचे, हा माल परत द्यायचा, वापरायचा नाही.

त्या वर्षी संक्रांतीनंतर रथसप्तमीच्या आत मी माल बदलायला गेले. हौसाबाईंनी मला ओट्यावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, तुमचं वाण राखून ठिवलंय." संक्रांतीला बायका एकमेकींना काहीतरी लुटतात, कुणी वाटी, कुणी कंगवा. हौसाबाईंनी दिली ती कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी. फाट्यावरच्या फोटोवाल्याकडून रिकाम्या डब्या मागून आणल्या होत्या. मी झाकण उघडलं. आत काळी मऊ पूड, आणि ओळखीचा वास.

"दात घासायला," त्या कौतुकाने म्हणाल्या. "हिरडा, मीठ आन् चुलीतली राख. तव्यावर भाजून वाटलंय. बाजारात असलं मिळायचं न्हाई."

"हिरडा कुठला?"

"तुमचाच की. हिरीवरच्या ड्रममधनं काढून गोनीत भरला व्हता, त्यातला. येवढा हिरडा टाकून कसा द्यायचा?"

मी म्हटलं, अहो, त्यावर परत लिहिलं होतं. त्यात दुकानातलं विष बसलंय. त्यांना ते पटेना. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "ताई, तुमीच दाखवलं ना, हिरड्यातनं पानी चोख निगतं. ज्यानं घान काढली त्यो घान कसा आसंल? साबनानं कापड धुतलं तर साबन काय घान व्हतो?" आज हे लिहितानाही मला या युक्तिवादात वाकडं काही सापडत नाही. पाणी स्वच्छ झालेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. बसलेला धातू मात्र कुणाला दिसत नव्हता. आणि हिरडा तर तोंडासाठीचं औषध, लहानपणापासूनचं.

मी पेटी उघडली. खरं तर मला वाटत होतं की जांभळा रंग येणार नाही, कारण हिरड्याने धरलेलं क्रोमियम सुस्त झालेलं असतं आणि सुस्त क्रोमियमला आमचं द्रावण ओळखत नाही. चिमूटभर पूड पाण्यात ढवळली, वरचं निवळ घेतलं, थेंब टाकले. पाणी जांभळं झालं.

इथे एक खरं सांगते. अशा वेळी माणसाला आधी भीती वाटायला हवी. मला आधी वाटलं ते नवल. हे कसं झालं? मग डोक्यात उजेड पडला. राख आणि तवा! राखेत क्षार असतो. क्षाराबरोबर भाजलं की निजलेलं क्रोमियम पुन्हा जागं होतं, पुन्हा पिवळं, पुन्हा भटकं. मोठ्या कारखान्यात भट्टीत मुद्दाम करतात ती क्रिया या बाईने मंजन खरपूस व्हावं म्हणून चुलीवर केली होती. एवढा विचार झाल्यावर मग भीती आली आणि मी डबीचं झाकण घट्ट लावलं.

हौसाबाई ग्लासकडे बघत होत्या. जांभळ्या रंगाचा अर्थ त्यांना माझ्याइतकाच माहीत होता. "ताई," त्या म्हणाल्या, "म्या समद्या वस्तीला वाटलंय. शालनलाबी धाडलंय. बोलनं न्हाई म्हून काय वाण चुकवायचं?"

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण मला त्या दुपारवरच थांबायचं आहे. एकदोघींचं तोंड सोलवटलं होतं, ते बरं झालं. सगळ्यांना मी डॉक्टरांकडे नेलं. त्याहून वाईट कुणाला काही झाल्याचं माझ्या कानावर आलं नाही. पण असल्या गोष्टी वर्षानुवर्षांनी बाहेर येतात आणि तेव्हा कुणी आमच्याकडे सांगायला येत नाही, म्हणून मी 'काही झालं नाही' असं म्हणणार नाही. रावसाहेबांनी वर्षभरात क्रोमची टाकी काढून टाकली आणि बंपर रंगवण्याचं काम धरलं. जाहिरातीच्या कागदावरचं 'काढून टाकतो' मी खोडायला लावलं. 'धरून ठेवतो' असं लिहा म्हटलं, तर काका म्हणाले, असं लिहिलं तर विकत कोण घेईल? ते खरंच होतं. माल कमी खपला.

पण ती दुपार. डब्या परत आणायला हव्या होत्या, आणि दिलेलं वाण परत मागणं म्हणजे त्या घराच्या तोंडावर शिवी देणं. मी म्हटलं, हौसाबाई, तुम्ही बसा, मी कारखान्याच्या नावाने मागते. त्यांनी मान हलवली. "न्हाई. दिलंय म्या, मागीन बी मीच."

पहिल्या घरी त्यांनी कसंबसं विषय काढला. ती बाई म्हणाली, "का गं हौसा, जड झालं व्हय द्यायाला?" दुसऱ्या घरी म्हातारी डबी सोडेना, तिची दाढ म्हणे याच पुडीने थांबली होती. तिसऱ्या घरी हौसाबाईंनी सरळ सांगितलं की त्यात विष आहे. तर घरधनीण कडाडली, "आन् तू ते आमाला वाटलंस? शालनच्या दुकानाला नावं ठेवत व्हतीस ना?" हौसाबाईंचा आवाज दर घरागणिक बारीक होत गेला. मी मधे बोलायला गेले की त्या हाताने मला गप्प करायच्या. पिशवीत दोन डब्याही जमल्या नव्हत्या, आणि आम्ही शालनच्या दाराशी आलो.

दोघी वर्षभर बोलल्या नव्हत्या. हौसाबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि एका दमात म्हणाल्या, "शालन, म्या धाडलेलं वाण माघारी दे. त्यात इख हाय. तुमच्या दुकानातलंच हाय, पन वाटलंय म्या."

शालन आत गेली. डबी घेऊन आली. झाकणावरची चिकटपट्टी तशीच होती. "उघडलीच न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या हातची म्हून रागानं फळीवर ठिवली व्हती. टाकूनबी देववंना." मग तिने चपला पायात सरकवल्या आणि हौसाबाईंच्या हातातली पिशवी घेतली.

"तू कुठं?"

"ऱ्हायलेली घरं हायत ना. तुमी का म्हून बोलनी खायची? इख काय तुमच्या चुलीत पिकलं?"

परत पहिल्या घरापासून सुरुवात झाली. शालन दारात उभी राहून एकच वाक्य म्हणायची, "आमच्या दुकानाचं इख हाय त्यात, डबी द्या." कुणी वाद घातला नाही. जी बाई हौसाबाईंना बोलली होती तिने डबी आणून दिली आणि खाली बघत पाणी विचारलं. म्हातारीसुद्धा कुरकुरत का होईना, डबी देऊन मोकळी झाली. पिशवी भरली.

दुकानात रावसाहेब बंपरला पॉलिश मारत होते. शालनने त्यांच्या पुढ्यात पिशवी पालथी केली. काळ्या डब्या फरशीवर गडगडत टाक्यांखाली गेल्या.

"ह्ये काय?"

"तुमचा माल. घरोघर मागून आनलाय."

मी त्यांना थोडक्यात सांगितलं, हिरडा, राख, तवा. ते खाली बसले आणि एकेक डबी गोळा करायला लागले. "ह्ये वाटलं कुनी?" त्यांनी विचारलं. हौसाबाई पुढे झाल्या, पण शालन म्हणाली, "आपुनच वाटलं."

रावसाहेबांनी उठून मशिनचं बटण बंद केलं. दुकानात एकदम शांत झालं. मग त्यांनी एका डबीचं झाकण काढून आत बोट फिरवलं आणि आमच्या तिघींकडे पाहिलं. "आन् ह्ये वापरलं कुनी कुनी?"

एवढ्या धावपळीत हा प्रश्न मला सुचला नव्हता, शालनलाही नव्हता.

"म्या," हौसाबाई म्हणाल्या. "रोज सकाळी."